प्रकाशाची साक्ष : स्तनाच्या कर्करोगाच्या निदानात वर्णपटाचे स्थान

१. प्रश्नाची मांडणी

स्तनात गाठ हाताला लागली की पुढचा रस्ता ठरलेला असतो. डॉक्टर हाताने तपासतात, मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी होते आणि संशय उरला तर सुईने ऊतीचा बारीक तुकडा काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात. वैद्यकात याला त्रिविध तपासणी म्हणतात. मुंबईचे टाटा मेमोरियल असो, जयपूरचे सवाई मानसिंह रुग्णालय असो की बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, क्रम हाच. पहिल्या पायरीला गाठीचा स्पर्श कळतो, दुसरीला तिचा आकार आणि घनता, तिसरीला तिच्या पेशींची ठेवण. ऊती कोणत्या द्रव्यांची बनली आहे, त्यात मेद किती, पाणी किती, रक्त किती, कोलॅजेन किती, हे मात्र पहिल्या दोन पायऱ्यांवर कळत नाही आणि तिसरीवर कळायचे तर आधी शरीराला छेद द्यावा लागतो.

प्रकाशाचा वर्णपट नेमके हेच सांगू शकतो. प्रत्येक द्रव्य प्रकाशाच्या काही तरंगलांबी गिळते, काही परतवते, काहींचे रूप बदलून बाहेर सोडते. परत आलेल्या प्रकाशाचे पृथक्करण केले की आत कोणते द्रव्य आहे याची साक्ष मिळते. या तत्त्वावर स्तनाच्या कर्करोगाचे निदान करण्याचे प्रयत्न जगभर चार दशकांहून अधिक काळ चालले आहेत आणि त्यांत भारतातल्या, विशेषतः इंदूर, मणिपाल व खारघर येथल्या प्रयोगशाळांचा वाटा लक्षणीय आहे.

तरीही आपल्या जिल्हा रुग्णालयात असे उपकरण दिसत नाही. असे का? प्रकाशाची साक्ष कच्ची आहे, की तिला आपण चुकीच्या जागी उभे करत आहोत? या लेखाचे प्रतिपादन असे की साक्ष पुरेशी सबळ आहे, पण ती सर्व प्रश्नांवर देता येत नाही. कोणत्या टप्प्यावर कोणता प्रश्न विचारायचा, हे ठरवल्याशिवाय या तंत्राचे मोल ठरत नाही.

प्रश्नाचे वजन आकड्यांवरून कळते. जागतिक कर्करोग अनुमानानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचे नव्याने निदान झाले आणि ९८ हजारांहून अधिक स्त्रिया या रोगाने दगावल्या. रोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता मोठी असते. आपल्याकडे तो उशिरा सापडतो. म्हणून निदानाच्या प्रत्येक नव्या साधनाकडे आशेने, पण काटेकोरपणे पाहणे भाग आहे.

२. ऊतीत शिरलेल्या प्रकाशाचे काय होते?

अंधाऱ्या खोलीत विजेरीवर तळहात दाबून धरला की हात लालसर उजळतो. निळा आणि हिरवा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते; तांबडा त्यातून निसटतो. पुढे तरंगलांबी वाढत गेली की पाणी शोषण करू लागते. या दोन अडथळ्यांच्या मध्ये, साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, ऊती त्यातल्या त्यात पारदर्शक असते. याला ऊतीची प्रकाश-खिडकी म्हणता येईल. स्तनाच्या आत डोकावायचे ते याच खिडकीतून.

खिडकी उघडी असली तरी तिची काच दुधी आहे. पेशी, त्यांची केंद्रके, मेदाचे थेंब, कोलॅजेनचे धागे या सर्वांवर आपटून प्रकाश विखुरतो आणि जेमतेम मिलिमीटरभर अंतरात आपली मूळ दिशा हरवून बसतो. क्ष-किरण सरळ जातात म्हणून त्यांची छाया रेखीव पडते. प्रकाश भरकटत जातो म्हणून त्याने काढलेले चित्र धूसर येते. मॅक्स कटलर या शल्यवैद्याने १९२९ साली स्तनाच्या मागे दिवा धरून गाठी पाहण्याची रीत मांडली होती. ती मागे पडली ती याच धूसरपणामुळे. वर्णपटाच्या पद्धतीने यातून वेगळी वाट काढली. चित्र रेखीव येत नसेल तर न येवो, परत आलेल्या प्रकाशाची रंगवार मोजदाद करू आणि आत काय आहे ते ओळखू.

या मोजदादीचे सर्वांत परिचित उदाहरण करोनाच्या काळात घरोघरी पोहोचले. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सुमारे ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन प्रकाश बोटातून पाठवतो. प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन आणि रिकामे हिमोग्लोबिन यांची या दोन प्रकाशांची भूक वेगवेगळी असते. तिच्या गुणोत्तरावरून रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण निघते. शरीराला न टोचता रसायन मोजण्याचा हा प्रकार वर्णपटमापनच आहे.

३. साक्ष घेण्याच्या तीन रीती

पहिली रीत शोषणाची. निकट-अवरक्त प्रकाश स्तनात सोडून काही सेंटिमीटर अंतरावर परत येणारा प्रकाश मोजतात. ७६० नॅनोमीटरच्या आसपास प्राणवायूविरहित हिमोग्लोबिनची खूण मिळते, ९३० च्या आसपास मेदाची, ९७० च्या जवळ पाण्याची. वाढणाऱ्या गाठीला रक्त जास्त लागते, तिच्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. म्हणून तिथे एकूण हिमोग्लोबिन आणि पाणी वाढलेले व मेद घटलेला आढळतो. कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे ब्रूस ट्रॉम्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. तिचे बळ खोलीत आहे : प्रकाश काही सेंटिमीटर आत जाऊन येतो, तोही जिवंत शरीरात. तिची उणीव अशी की रक्त वाढण्याला कर्करोगच कारण असतो असे नाही. सूज असली तरी रक्त वाढते.

दुसरी रीत प्रतिदीप्तीची. अतिनील किंवा निळा प्रकाश पडला की ऊतीतली काही द्रव्ये स्वतः मंद उजळतात. नायट्रोजन लेसरच्या ३३७ नॅनोमीटर प्रकाशात कोलॅजेन साधारण ३९० च्या आसपास आणि पेशींच्या ऊर्जाव्यवहारातले एनएडीएच ४६० च्या आसपास चमकते. ऊती कर्करोगग्रस्त झाली की कोलॅजेनची बांधणी आणि पेशींचा ऊर्जाव्यवहार दोन्ही बदलतात, त्यामुळे चमकण्याचा नकाशाही बदलतो. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट अल्फानो यांनी १९८० च्या दशकात कर्करोगग्रस्त आणि निरोगी ऊतींच्या प्रतिदीप्तीतला फरक दाखवला आणि या शाखेला चालना मिळाली. ही रीत वेगवान आणि तुलनेने स्वस्त आहे. पण अतिनील प्रकाश मिलिमीटरच्या अंशापलीकडे शिरत नाही. म्हणून ती तोंडाच्या अस्तरासाठी सोयीची, स्तनातल्या खोल गाठीसाठी मात्र सुईच्या टोकाशी प्रकाशतंतू बसवला किंवा ऊती उघड्यावर आली तरच उपयोगाची.

तिसरी रीत रामन परिणामाची. प्रकाश रेणूवर आदळून परतताना कोटीभर फोटॉनांतला एखाद-दुसरा आपल्या ऊर्जेतला थोडा हिस्सा रेणूच्या कंपनाला देऊन येतो. त्यामुळे त्याचा रंग किंचित सरकतो. किती सरकला यावरून रेणूत कोणता बंध कंप पावतो आहे ते कळते. मेदाच्या साखळीची, प्रथिनाच्या पाठकण्याची, फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लाची, हाडातल्या फॉस्फेटची अशी प्रत्येकाची स्वतंत्र, टोकदार रेघ मिळते. शोषण आणि प्रतिदीप्ती यांच्या रेषा डोंगरासारख्या पसरट असतात, रामनच्या रेषा सुळक्यांसारख्या. म्हणून तिन्हींत सर्वांत तपशीलवार साक्ष रामनची; आणि सर्वांत क्षीण आवाजातलीही तिचीच. ऊतीची स्वतःची प्रतिदीप्ती हा आवाज बुडवून टाकते. त्यावर उपाय म्हणून ७८५ किंवा ८३० नॅनोमीटरचा लेसर वापरतात. या प्रकाशात ऊती फारशी उजळत नाही आणि रामनच्या रेघा वर येतात.

४. रामन वर्णपटात स्तनाची ऊती कशी दिसते?

निरोगी स्तनाच्या वर्णपटावर मेदाचे राज्य असते. १४४० प्रति सेंटिमीटरच्या (रंग किती सरकला याचे हे माप) आसपास मेदाची ठळक रेघ उभी राहते. गाठीची ऊती पाहिली की मेदाच्या रेघा खुज्या होतात आणि प्रथिनांच्या, मुख्यतः कोलॅजेनच्या, रेघा वर येतात. इथवर काम सोपे आहे. खरी कसोटी पुढे आहे : तरुण स्त्रियांमध्ये आढळणारी फायब्रोअॅडेनोमा ही निरुपद्रवी गाठसुद्धा कोलॅजेनने भरलेली असते. कर्करोग आणि निरोगी ऊती यांत भेद करणे ही शाळकरी परीक्षा. कर्करोग आणि फायब्रोअॅडेनोमा यांत भेद करणे ही खरी परीक्षा.

एमआयटीतील मायकेल फेल्ड यांच्या प्रयोगशाळेने ही परीक्षा पद्धतशीरपणे दिली. अॅबिगेल हाका आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५८ रुग्णांच्या ऊतींचे १३० वर्णपट तपासले. त्यांनी प्रत्येक वर्णपट मेद, कोलॅजेन, पेशीकेंद्रक अशा घटकांच्या मिश्रणात उलगडला आणि मेद व कोलॅजेन यांच्या प्रमाणावरून निदान केले. संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या कर्करोगापैकी किती ओळखला याचे प्रमाण, ९४ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे कर्करोग नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले याचे प्रमाण, ९६ टक्के आली. या पद्धतीचा मोठा गुण असा की ती निकालाचे कारण सांगते. मेद किती, कोलॅजेन किती, हे शल्यवैद्याला समजणाऱ्या भाषेत समोर येते.

याच गटाचे २००२ सालचे काम माझ्या मते अधिक मोलाचे आहे. मॅमोग्राफीत अनेकदा खडूच्या कणांसारखे बारीक पांढरे ठिपके दिसतात. हे कॅल्शियमचे कण असतात. त्यांच्या मांडणीवरून रेडिओलॉजिस्ट अंदाज बांधतो, पण कण कोणत्या क्षाराचे आहेत हे क्ष-किरण सांगू शकत नाहीत. रामन वर्णपट सांगतो. एक प्रकार कॅल्शियम ऑक्झलेटचा; तो जवळजवळ नेहमी निरुपद्रवी बदलांत आढळतो. दुसरा हाडाच्या घटकाशी नाते सांगणाऱ्या हायड्रॉक्सीअॅपेटाइटचा, ज्याची फॉस्फेटची रेघ ९६० प्रति सेंटिमीटरला उभी राहते. तो निरुपद्रवी आणि कर्करोगग्रस्त अशा दोन्ही प्रकारच्या दुग्धनलिकांत सापडतो. मात्र कर्करोगाच्या नलिकांतील कणांत कार्बोनेटचे प्रमाण तुलनेने कमी असते. क्ष-किरणाला जे ठिपके सारखेच पांढरे दिसतात, त्यांत प्रकाश असा भेद करतो. ब्रिटनमध्ये पाव्हेल मातुसेक आणि निकोलस स्टोन यांनी हीच खूण ऊतीच्या खोलातून, त्वचा न छेदता टिपण्याच्या दिशेने काम केले आहे. प्रकाश एका जागी सोडून काही मिलिमीटर दूरवरून परत घेतला की पृष्ठभागाऐवजी खालच्या थरांचा वर्णपट मिळतो, हे त्यामागचे तत्त्व.

५. आपल्याकडचे काम

चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी कोलकात्याच्या बहूबाजार भागातील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये २८ फेब्रुवारी १९२८ रोजी हा परिणाम नोंदवला. बरोबर तेरा वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्या काळी या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध जोडण्याचे काहीच कारण नव्हते. १९६२ साली रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले आणि पुढे त्याच विभागाने इंदूरला लेसरचे मोठे केंद्र उभारले. लेसर बनवणारे आणि कर्करोगाचे रुग्ण पाहणारे एकाच छत्राखाली आले, ही आपल्या देशाची एक खास सोय झाली.

इंदूरच्या या केंद्राचे आजचे नाव राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. तिथे प्रदीप कुमार गुप्ता, शोभन मजुमदार आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजन लेसर वापरून स्तनाच्या ऊतींच्या प्रतिदीप्तीचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेत काढलेल्या कर्करोगग्रस्त, निरुपद्रवी आणि निरोगी ऊतींचे वर्णपट त्यांनी वेगळे करून दाखवले. मजुमदार यांनी पुढे अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात अनिता महादेवन-जॅन्सेन यांच्यासमवेत एकाच संचातील स्तन-ऊतींवर प्रतिदीप्ती, परावर्तन आणि रामन या तिन्ही रीती लावून पाहिल्या. २००८ सालच्या या तुलनेत रामन इतर दोघींपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. तीन साक्षीदारांना एकाच प्रसंगाबद्दल एकाच वेळी विचारण्याची ही पद्धत विज्ञानात हवी तितकी वापरली जात नाही. म्हणून हा अभ्यास महत्त्वाचा.

मणिपालमध्ये सी. मुरली कृष्णा आणि सहकाऱ्यांनी २००६ साली निरोगी, निरुपद्रवी आणि कर्करोगग्रस्त अशा तिन्ही प्रकारच्या स्तन-ऊतींचे रामन वर्णपट मांडले. पुढे मुरली कृष्णा खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘अॅक्ट्रेक’ या संशोधन केंद्रात आले. तिथे प्रश्न एक पायरी पुढे गेला : काढलेल्या ऊतीऐवजी जिवंत शरीरात, त्वचेवरून, गाठीची खूण घेता येईल का? उंदरांवर प्रयोग करायचा तर अंगावरचे केस आड येतात आणि केस काढायला गेले की त्वचेला इजा होऊन वर्णपट बिघडतो. उपाय संस्थेतच होता. तिथे जोपासलेल्या केसहीन ‘स्विस बेअर’ जातीच्या उंदरांवर हा अभ्यास झाला आणि त्वचेवरून घेतलेल्या रामन वर्णपटात गाठीचे वेगळेपण दिसते हे सिद्ध झाले. एका केसामुळे अडलेला प्रयोग योग्य प्राणी निवडून कसा सोडवला जातो, याचे हे उत्तम उदाहरण.

हेही नोंदवायला हवे की इंदूर आणि खारघर या दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष रुग्णांवर सर्वांत जास्त काम झाले ते तोंडाच्या कर्करोगावर. तंबाखूने आपल्याकडे तो रोग पसरवला आहे आणि तोंडात प्रकाशतंतू नेणे सोपे आहे. स्तनात तसा सरळ मार्ग नाही. त्यामुळे स्तनाचे काम ऊतीचे तुकडे आणि उंदीर यांच्यापुढे संथ गतीने सरकले. यात प्रयत्नांची कमतरता नाही. अवयवाची रचनाच आड येते.

६. टक्केवारी कशी वाचावी?

९४ टक्के संवेदनशीलता आणि ९६ टक्के विशिष्टता हे शब्द वाचून वाटते की उपकरण तयार आहे, आता गावोगाव शिबिरे भरवावीत. हा समज आकड्यांनिशी तपासू.

समजा शिबिरात १०,००० स्त्रिया आल्या आणि त्यांपैकी ५० जणींना खरोखर कर्करोग आहे. उपकरण ५० पैकी ४७ जणींना बरोबर ओळखेल, तिघी सुटतील. उरलेल्या ९,९५० निरोगी स्त्रियांपैकी ४ टक्क्यांना, म्हणजे ३९८ जणींना, ते चुकून संशयित ठरवेल. एकूण ४४५ जणींच्या हातात ‘संशयित’ असा कागद पडेल आणि त्यांपैकी फक्त ४७ खऱ्या रुग्ण असतील. दर साडेनऊ घाबरलेल्या स्त्रियांमागे रोग एकीला.

आता तेच उपकरण कर्करोग रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ठेवू. समजा हाताला गाठ लागलेल्या १,००० स्त्रिया आल्या आणि त्यांपैकी ३०० जणींना कर्करोग आहे. उपकरण २८२ जणींना ओळखेल. उरलेल्या ७०० पैकी २८ जणींवर खोटा संशय येईल. ‘संशयित’ ठरलेल्या ३१० पैकी २८२, म्हणजे ९१ टक्के, खऱ्या निघतील. उपकरण तेच, टक्केवारी तीच, पण जागा बदलताच निकालाचा अर्थ बदलला.

या दुसऱ्या उदाहरणातही १८ रुग्ण ‘निर्धोक’ म्हणून घरी जातील. कर्करोगाच्या १८ रुग्णांना घरी पाठवणारी तपासणी सुईची जागा घेऊ शकत नाही. म्हणून ‘आता बायॉप्सी नको’ असा दावा करणाऱ्या बातमीवर विश्वास ठेवू नये.

शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतून दवाखान्याकडे येताना खाली येतात. एमआयटीच्या त्याच गटाने आधी ठरवलेली निदान-पद्धत जशीच्या तशी ठेवून नुकत्याच काढलेल्या ताज्या ऊतींवर पुन्हा परीक्षा घेतली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २१ रुग्णांच्या ऊतींवरील १२९ जागा तपासल्या. संवेदनशीलता ८३ आणि विशिष्टता ९३ टक्के आली. त्यांत कर्करोगाच्या जागा केवळ ६ होत्या. म्हणजे ८३ टक्के याचा अर्थ सहापैकी पाच. उपकरणाने कर्करोग म्हटलेल्या जागांपैकी खऱ्या निघाल्या सुमारे ३६ टक्के. हा अभ्यास प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच तो पहिल्या अभ्यासाइतकाच वाचला गेला पाहिजे.

इथे एक सावधगिरी. एका वर्णपटात शेकडो तरंगलांबींची नोंद असते आणि रुग्ण मात्र मूठभर. इतकी चले आणि इतके थोडे नमुने हाताशी असले की संगणक योगायोगालाही नियम समजून बसतो. त्यातच एका स्त्रीच्या ऊतीचे दहा वर्णपट घेऊन त्यांतले काही शिकवण्यासाठी आणि काही परीक्षेसाठी वापरले, तर परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला असतो. शिकवणीच्या रुग्णांपैकी कोणाचाही वर्णपट परीक्षेत येणार नाही, ही किमान अट पाळलेली नसेल तर शंभर टक्के यशालाही अर्थ नाही.

७. अडथळे कोणते?

पहिला अडथळा खोलीचा. त्याचा विचार वर आला आहे.

दुसरा अडथळा स्त्री-स्त्रीतल्या भेदाचा. पंचविशीतल्या स्त्रीच्या स्तनात ग्रंथींची ऊती दाट असते, पाळी थांबल्यावर मेद वाढतो. मासिक पाळीच्या चक्रात, गरोदरपणात, अंगावर पाजताना रक्ताचे आणि पाण्याचे प्रमाण बदलते. म्हणून ‘निरोगी स्तनाचा वर्णपट’ असा एकच ठरवता येत नाही. त्याच स्त्रीच्या दुसऱ्या स्तनाशी तुलना करणे हा यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

तिसरा अडथळा त्वचेच्या रंगाचा. मेलॅनिन प्रकाश शोषते. ऑक्सिमीटर काळ्या त्वचेच्या रुग्णांत प्राणवायू प्रत्यक्षाहून जास्त दाखवतो, हे २०२० साली अमेरिकेतील अभ्यासाने ठळकपणे पुढे आणले. गोऱ्या त्वचेवर जुळवलेले उपकरण आपल्या शेतात राबणाऱ्या बाईच्या त्वचेवर तसेच वापरणे हा अन्याय ठरेल. त्वचेवरून मापन करणारे प्रत्येक उपकरण भारतीय स्त्रियांवर नव्याने जुळवायलाच हवे.

चौथा अडथळा उपचारांशी निगडित आहे. गाठ कर्करोगाची आहे एवढे कळून उपचार ठरत नाहीत. तिच्या पेशींवर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक आहेत का, हर-२ हे प्रथिन वाढलेले आहे का, यावर औषध ठरते. त्यासाठी ऊतीचा तुकडा लागतोच. प्रकाशाचे निदान अचूक झाले तरी सुई टळत नाही, याचे हे सर्वांत ठोस कारण.

८. मग प्रकाशाची जागा कोठे?

वरील मर्यादा एकत्र ठेवल्या की तीन जागा स्पष्ट दिसतात.

एक, सुईच्या टोकाशी. बायॉप्सीची सुई योग्य जागी पोहोचली आहे का, कॅल्शियमचे कण तुकड्यात आले आहेत का, हे तत्क्षणी कळले तर पुन्हा टोचण्याची वेळ येणार नाही. इथे खोलीचा अडथळा राहत नाही, कारण सुईच प्रकाशाला आत नेते.

दोन, शस्त्रक्रियेच्या टेबलावर. स्तन राखून फक्त गाठ काढताना कडेला रोग उरला आहे का, हे पॅथॉलॉजीचा अहवाल आल्यावरच नक्की कळते आणि उरला असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. ब्रिटनमधील नोंदींनुसार अशी वेळ साधारण पाचांतल्या एकीवर येत असे. उघड्या ऊतीवर प्रकाशतंतू फिरवून कड तपासणे हे वर्णपटाच्या बळाला साजेसे काम आहे. याच दिशेने, रंगद्रव्य टोचून प्रतिदीप्तीने उरलेला रोग दाखवणाऱ्या ‘लुमिसाइट’ या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२४ मध्ये मान्यता दिली.

तीन, उपचारांचा मागोवा घेताना. शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी दिली जाते तेव्हा गाठीचा आकार कमी व्हायला आठवडे लागतात. पण तिच्यातील हिमोग्लोबिन आणि पाणी त्याआधीच बदलू लागते. निकट-अवरक्त मापनाने हा बदल लवकर दिसतो. औषध लागू पडत नसेल तर ते लवकर बदलता येईल. इथे कर्करोगाचे निदान आधीच झालेले असते, त्यामुळे खोट्या संशयाचा प्रश्नच उरत नाही.

सोनोग्राफीला पूरक म्हणूनही प्रकाशाला मान्यता मिळू लागली आहे. लेसरचा स्पंद शोषल्यावर ऊतीतून निघणारा ध्वनी टिपणाऱ्या ‘इमॅजिओ’ यंत्रणेला अमेरिकेत २०२१ साली परवानगी मिळाली. प्रकाशाने रक्त ओळखायचे आणि ध्वनीने जागा दाखवायची, अशी ही विभागणी आहे.

गावपातळीवरच्या सरसकट तपासणीत मात्र प्रकाशाला आज जागा नाही. तिथे काय काम करते हे आपल्याच मुंबईत सिद्ध झाले आहे. टाटा मेमोरियलने १९९८ साली सुरू केलेल्या आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वयोगटातील दीड लाखाहून अधिक स्त्रिया सहभागी होत्या. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. तपासणी झालेल्या गटात रोग तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के होते, तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याखालच्या वयात असा लाभ दिसला नाही. यंत्र नव्हते, वीज लागत नव्हती. शिकवलेला हात होता. शिबिरात नेण्याच्या कोणत्याही प्रकाश-उपकरणाने आधी या हाताशी तुलना करून दाखवावी.

उपकरण कसे असावे याचा धडा जयपूरनेच देशाला दिला आहे. सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यवैद्य डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला. परदेशी कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीत बसणाऱ्यासाठी होता. आपल्या माणसाला अनवाणी चालायचे, मांडी घालून बसायचे आणि शेतात चिखल तुडवायचा होता. त्यांनी आधी माणूस पाहिला, मग पाय केला. प्रकाशाच्या उपकरणालाही हीच रीत लागू होते. आधी रुग्ण स्त्री कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कारणाने अडकते ते पाहावे. मग त्या जागेसाठी यंत्र करावे. हातात लेसर आहे म्हणून त्याला काम शोधत फिरू नये.

९. निष्कर्ष

वर्णपट ऊतीचे रसायन वाचतो, आणि कर्करोगात रसायन बदलते. ही साक्ष खरी आहे. रामनची साक्ष सर्वांत तपशीलवार, निकट-अवरक्ताची सर्वांत खोल, प्रतिदीप्तीची सर्वांत वेगवान. सुईची आणि पॅथॉलॉजिस्टची जागा यांपैकी एकही घेऊ शकत नाही. तिघींनी मिळूनही ती घेता येणार नाही. सुई योग्य जागी नेणे, शस्त्रक्रियेची कड तपासणे आणि केमोथेरपीचा परिणाम लवकर ओळखणे ही त्यांची हक्काची कामे आहेत.

या कामांसाठी लागणारे लेसर-तज्ज्ञ इंदूरला आहेत, रामन वर्णपटाचे जाणकार खारघरला आहेत, आणि रुग्ण परळपासून जयपूरपर्यंत प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या दारात आहेत. आता गरज आहे ती अनेक रुग्णालयांत एकाच वेळी, एकाच पद्धतीने, आधी ठरवलेल्या निकषांवर घेतलेल्या मोठ्या चाचणीची. चाळीस-पन्नास रुग्णांचा आणखी एक अभ्यास करून या विषयात नवी भर पडणार नाही.

आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक स्त्रीला, तिच्या घरच्यांना एक सांगणे. गाठ हाताला लागली, स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव आला, त्वचा आत ओढली गेली किंवा सुरकुतली, तर नव्या यंत्राची वाट पाहू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका. या रोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. सुईला घाबरू नका. आज सर्वांत खात्रीचे उत्तर तिच्याच टोकाशी मिळते.